बिनबाह्यांचा फ्रॉक

आमच्या चर्चमध्ये बायकांनी काय घालून यायचं ते मी ठरवते. फादर नाही, सिस्टर नाहीत, मी. दैवशाला गायकवाड, वय चौसष्ट. घनसावंगी तालुक्यातल्या या गावात आमची कॅथलिकांची बावीस घरं. दर रविवारी मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी मी ओढण्यांची टोपली घेऊन दारात उभी असते. डोक्यावर पदर नाही? घे ओढणी. गळा खोल? घे ओढणी. कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तर झोंबू देत.

माझ्या आधी माझी सासू साळूबाई तिथंच उभी राहायची. जुन्या परदेशी फादरनी तिला नियम घालून दिला होता: गळा मानेखालच्या खळगीपासून दोन बोटांपर्यंतच, बाही कोपरापर्यंत आणि झगा गुडघ्याच्या खाली. फादर गेले, सासू गेली, नियम राहिला. शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, असं आम्ही शिकलो. आता मंदिराची दारं कुणी येताजाता सताड उघडी टाकतं का?

माझी सून शीतल जालन्याची. तीही जन्मानं कॅथलिकच, पण शहरातली, म्हणजे सगळं चालतं. तिचं आणि माझं लग्नाच्या दिवसापासून पटत नाही. तिच्या ब्लाउजच्या पाठीवरून सुरू झालेलं भांडण नऊ वर्षं झाली तरी संपलेलं नाही. माझा मुलगा अंगद तिकडेच लोखंडाच्या कारखान्यात आहे. त्यांना एकच पोरगी, स्वरा, आठ वर्षांची. तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून पातळ भाकर पहिल्यांदा जिभेवर घेण्याचा सोहळा, आमच्याच गावात व्हायला पाहिजे, हा हट्ट मी धरला. तिच्या बापाचा, आज्याचा इथंच झाला होता.

वर्षभर दर शनिवारी मी तिला फोनवर प्रार्थना शिकवल्या. डोळे मिटायचे, हात जोडायचे, जीभ बाहेर काढायची. चावायचं नाही. पोरगी मोठी गुणाची. एकदा मला विचारते, "आजी, देव जिभेवर बसला की गुदगुल्या होतात का?" मी हसून हसून रडले. त्या दिवसाची तिच्यापेक्षा मीच जास्त वाट बघत होते.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ते जीपमधून उतरले आणि माझं डोकं फिरलं. पांढरा जाळीचा फ्रॉक, आणि खांद्यावर बाहीच्या जागी नुसत्या दोन दोऱ्या.

"ह्या असल्या कपड्यात देवाला घेणार हाये ती?" मी म्हटलं.

"आठ वर्षांची पोर हाये, आई," शीतल म्हणाली. "तिच्या खांद्यात तुम्हाला काय पाप दिसून राह्यलं?"

"लहानपणी लाज शिकवली न्हाई तर मोठेपणी कोण शिकवणार? तू?"

"जालन्यात सगळ्या पोरी असंच घालतात."

"जालना म्हणजे काय रोम हाये का?"

अंगद मधे पडला. "माय, आजच्या दिवस जाऊ दे ना."

"तू गप बस. बायकोपुढं तोंड उघडत न्हाई, अन् मला शिकवून राह्यला."

स्वरा आमच्या मधोमध उभी होती. एकदा आईकडे बघायची, एकदा माझ्याकडे. मग तिनं हळूच दोन्ही हातांनी आपले खांदे झाकून घेतले. मला ते बघून बरं वाटलं. हे मी आज कबूल करते. वाटलं, लेकराला कळलं, आईला नाही कळलं.

मी टोपलीतली सगळ्यात चांगली ओढणी काढली, पांढरी, रेशमी, आणि तिच्या अंगावर टाकली. पिन लावायला गेले तर शीतलनं माझा हात धरला. जाळी फाटेल म्हणे, फ्रॉक नवा आहे. ठीक आहे. मी स्वराला म्हटलं, "हातानं घट्ट धर. बिलकुल सुटली न्हाई पायजे. उघड्या अंगाची पोर दिसली तर देव तिच्याकडं येत न्हाई."

हे वाक्य मीच बोलले. रागात बोलले, सुनेला ऐकू जावं म्हणून बोलले. पण माझा हात होता पोरीच्या डोक्यावर.

पहिला ख्रिस्तप्रसाद घेणारी पाच मुलं होती. स्वरा तिसरी. बायकांच्या बाजूला सगळ्यात पुढं मी बसले होते, त्यामुळं मला सगळं दिसलं. फादरनी भाकर उचलली, "ख्रिस्ताचं शरीर" म्हणाले. स्वरा "आमेन" म्हणाली, तिनं मान वर केली, जीभ काढली. मान वर केली तशी ओढणी एका खांद्यावरून सरकली. रेशमीच ती, जाळीवर टिकते थोडीच. पोरीनं दचकून दोन्ही हातांनी ती पकडली आणि मान खाली घातली. फादरची बोटं तोवर पुढं आली होती. भाकर तिच्या ओठाला लागली आणि फरशीवर पडली.

फादर गुडघ्यावर बसले, त्यांनी भाकर उचलून स्वतः खाल्ली, पाणी मागवलं, ती जागा धुऊन पांढऱ्या कापडानं पुसली. मग त्यांनी दुसरी भाकर तिच्यापुढं धरली. स्वरानं ओठ घट्ट मिटून मान हलवली. दोनदा धरली, दोनदा हलवली. शेवटी ती तशीच जागेवर येऊन बसली. बाकीच्या चारही मुलांनी देव घेतला, माझ्या नातीनं नाही.

मिस्सा संपल्यावर फादर बाहेर आले आणि तिच्यापुढं वाकून म्हणाले, "तुझी काही चूक नाही, बाळा. पुढच्या रविवारी घे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दैवशालाबाई, ती टोपली आता घरी न्या."

"हनुवटीखाली थाळी धरायची रीत कुणी बंद केली, फादर?" मी म्हटलं. "थाळी असती तर देव खाली पडला असता का?"

फादर आत निघून गेले. मला वाटलं, जिरवली. टोपली मी नेली नाही.

पुढच्या रविवारी ते परत आले. ऊन असं की जीपच्या दाराला हात लावला तर चटका बसत होता. शीतलनं या वेळी कोपरापर्यंत बाह्यांचा फ्रॉक आणला होता, गळाही नियमात. माझंच खरं झालं म्हणून मी मनातल्या मनात फुगले होते. तेवढ्यात स्वरा खाली उतरली. फ्रॉकवर शाळेचा लोकरीचा स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. पायात लांब मोजे. डोक्यावरून ओढणी. केस घामानं कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद.

"अगं बाई, काढ ते जल्दी! चक्कर येईल," मी म्हटलं.

"नको." ती मागं सरकली. "मंग देव पडतो."

मी शीतलकडे बघितलं. वाटलं, ही आता तोंडसुख घेणार. पण तिचा आवाज अगदी बारीक होता. "आठ दिवस झाले, आई. अंघोळसुद्धा कपडे घालून करून राह्यली. रात्री पंखा लावला तरी गोधडी सोडत न्हाई. घ्या, झाकली तुमची नात."

आजवर एकाही बाईला मी उत्तर दिल्याशिवाय सोडलं नव्हतं. पण आता उत्तर कुणाला द्यायचं? माझी मलाच चीड आली. मी तिथं मातीत स्वरापुढं बसले आणि तिच्या गळ्याचं बटण काढायला हात पुढं केला. तिनं किंचाळून कॉलर दोन्ही मुठीत धरली.

"बाळा, चूक तुझी न्हाई," मी म्हटलं. "आजी चुकली. देव असा कुणावर रुसत न्हाई. खांदे दिसले तरी येतो तो."

तिनं माझ्या डोळ्यांत नीट बघितलं, फोनवर प्रार्थना म्हणताना एखादा शब्द चुकला की थांबायची तशी थांबली. मग तिनं मान हलवली.

"खोटं बोलून राह्यली तू," ती म्हणाली. "तूच सांगितल्तं."