चार इंग्रजी अक्षरांतला लोटू

मी एक व्हिडिओ गेमची कॅसेट आहे. बिस्किटाएवढी, राखाडी, हातात धरायच्या छोट्या यंत्रात मागून खुपसायची. माझ्या पोटात ग्रीक लोकांच्या पुराणातली गोष्ट आहे. एक वीर पाताळात उतरतो, तीन तोंडांच्या कुत्र्याला झोपवतो आणि मृत्यूच्या राजाकडे आपलं माणूस परत मागतो. राजा देतो, पण एका अटीवर. वर पोहोचेपर्यंत वीराने पुढेच बघायचं. एकदा जरी मागे पाहिलं, तरी मागून येणारं माणूस कायमचं गेलं.

ही अट मी फार कडक पाळते. चूक झाली की त्याच क्षणी नोंदून ठेवते, दुसरी संधी देत नाही. मला याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

सुरतेत मला मगनशेठच्या पुतण्याने परदेशातून आणलं. महिनाभरात त्याला कंटाळा आला आणि शेठनी मला यंत्रासकट लोटूला देऊन टाकलं. लोटू त्यांच्या उधन्याच्या कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे, मूळचे खानदेशातले. अकरा वर्षांची गायत्री ही त्यांची मुलगी. ती त्यांना नाना म्हणे, म्हणून मीही नानाच म्हणते. यंत्राला सेलचं झाकण नव्हतं, तिथे नानांनी रबर चढवलं. सेल उतरले की गायत्रीची आई, प्रमिलाबाई, ते पत्र्यावर उन्हात ठेवी. मग त्यांत आणखी थोडा वेळ जीव येई.

सुरुवातीला मी नाव विचारते आणि चारच इंग्रजी अक्षरांची जागा देते. गायत्री तीत मावेना, लोटू बरोबर मावला. म्हणून वीर झाला लोटू, आणि पाताळातून जिला आणायचं ती झाली गायू. इंग्रजी वाचायचं काम गायत्रीचं, बटणं नानांची. तुटलेला धागा चिमटीत धरणारी बोटं होती ती, अलगद पडायची.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात शहरात प्लेगची बातमी पसरली. तोंडाला रुमाल बांधून, बोचकी घेऊन माणसं उधना स्टेशनकडे पळू लागली. शेजारच्या उषाबाईंनी निघताना प्रमिलाबाईलाही हाक मारली. पण नानांना सकाळपासून ताप होता, आणि खोकला. दुपारी दवाखान्याची गाडी आली.

तेव्हा खेळ शेवटच्या वाटेवर थांबला होता. पुढे लोटू, मागे गायू, बारा पावलं उरलेली. नाना गाडीकडे निघाले तशी गायत्री दारातून म्हणाली, "नाना, मांगे पाहू नको."

नानांची मान जराशी हलली, पण वळली नाही. गाडीचं दार लागलं.

प्रमिलाबाईने लगेच चुलीवर मोठं पातेलं चढवलं. पाण्यात कडुलिंबाचा पाला, मीठ. नानांची चादर, सदरे, टॉवेल, सगळं त्यात गेलं. मग तिने यंत्र उचलून पातेल्यावर धरलं.

"त्यासना हात लागेल शे येले," ती म्हणाली.

वाफ माझ्या अंगाला लागत होती. उकळतं पाणी म्हणजे माझा शेवट. गायत्रीने आईचं मनगट धरलं. "माय, नको. नाना यामा शे."

"कोठे शे?"

गायत्रीने बटण दाबलं. प्रमिलाबाईला वाचता येत नव्हतं. तिने मुलीच्या बोटामागून चारही अक्षरांवर बोट फिरवलं, त्याखालच्या नखाएवढ्या माणसाकडे पाहिलं. मग पदर पाल्याच्या पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, मला पुसलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं.

प्रमिलाबाई रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाई. आत सोडत नव्हते. ती परत आली की गायत्री तिचं तोंड पाही. मग यंत्र सुरू करून लोटू उभा आहे ना, एवढंच बघून बंद करी. यंत्राचा लाल दिवा दिवसेंदिवस मंद होत होता. सहाव्या दिवशी तिचा अंगठा मागे वळायच्या बाणावर आला आणि तिथेच थांबला. मी घाबरले. अट माझी होती, पण ती मोडणं माझ्या हातात नव्हतं. शेवटी तिने अंगठा उचलला.

नवव्या दिवशी नाना चालत आले. प्लेग नव्हता, मलेरिया होता. गालफडं बसलेली, सदरा लोंबणारा. चहा पिऊन होताच गायत्रीने यंत्र त्यांच्या हातात दिलं. "बारा पावलं राहिनात. तूच चाल."

नाना चालले. एक, दोन, पाच, नऊ. अकराव्या पावलावर थांबले. पुढे उजेड दिसत होता. त्यांनी मागचा बाण दाबला.

लोटू वळला. मी नियमाप्रमाणे गायूला पुसून टाकलं.

नानांचा चेहरा पडला. "मन्ही पोर मांगे शे का नही, तेच पाहं," ते म्हणाले. "गाडीमा बसताना पाहं नही ना."

गायत्रीने त्यांच्या खांद्याला डोकं टेकवलं. "ऱ्हाऊ दे. तू घर उना ना."

त्या दिवसापासून मला माझ्या नियमाचा गर्व नाही.

आता नव्व्याण्णव चालू आहे. गायत्री सुरतेजवळ सचिन गावी कामाला जाते. मी प्रमिलाबाईच्या पेटीत, नानांच्या त्याच लोंबत्या सदऱ्यात गुंडाळलेली आहे. नावं जपणारा माझ्या पोटातला सेल संपत आलाय, उजेडाच्या तोंडाशी एकटा उभा असलेला लोटूही लवकरच पुसला जाईल. त्याचं मला दुःख नाही. खरे नाना बाहेर ओट्यावर खोकत बसलेत, ते मला ऐकू येतं.

पुढे मला कुणी सुरू केलंच, तर एवढंच मागते. माझी अट मी तुम्हाला सांगेन, ती मला सांगावीच लागते. पण मागून येणारं माणूस खरंच तुमचं असेल, तर तुम्ही वळून पाहाल. तेव्हा माझ्यावर रागावू नका.