कच्ची टीप

मित्रांनो, इतिहास समोरून घडत नाही, पाठीमागून घडतो. हे मी अधिकाराने सांगते, कारण माझे सारे आयुष्य पाठीमागेच गेले. नेमके सांगायचे तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या पाठीमागे, मानेखाली चार बोटे, जर्सीवर आडनाव लावतात त्या जागी. माझा इतिहास तेवढाच रुंद आहे.

मी एक जुने शिलाई मशीन आहे. माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबरची काही भावंडे पडदे शिवायला गेली, काही लग्नाचे झगे शिवायला. मी अंगाने दणकट, म्हणून माझ्या वाट्याला ताडपत्र्या आल्या. सस्कॅचवानमधल्या एल्क बेंड गावी ऑर्लीन ह्नाट्यूक नावाच्या बाई धान्याच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवत. गावाचा आइस हॉकीचा संघ होता, बॅजर्स. बॅजर हा बिळात राहणारा चिडका प्राणी आहे. संघही बहुतेक हंगाम तळाशीच असे.

एकदा संघाची माणसे आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही एवढ्या ताडपत्र्या शिवता, तर पोरांच्या जर्सीवर नावं शिवाल का?"

बाई म्हणाल्या, "ताडपत्री वाऱ्यानं फाटते. तुमची पोरं कशानं फाटतात?"

"एकमेकांनी," ते म्हणाले.

अशा रीतीने मी स्टेडियमखाली, बॉयलरशेजारच्या खोलीत राहायला आले. काम सोपे होते. कापडी पट्टीवर अक्षरे शिवायची आणि ती पट्टी जर्सीच्या पाठीवर शिवायची. जर्सी संघाची, पट्टी मुलाची. मुलगा गेला की पट्टी उसवायची, जर्सी पुढच्याला द्यायची.

पहिली काही वर्षे नावे आजूबाजूच्या शेतांवरचीच होती. फ्रीझन, मॅके, बाईंच्याच नात्यातले दोन ह्नाट्यूक. मग हा खेळ जगभर पसरू लागला. मोठ्या लोकांनी भाषणांत सांगण्याआधी ते मला कळले, कारण कापलेल्या अक्षरांच्या पेटीतली 'के' आणि 'झेड' ही अक्षरे भराभर संपू लागली. फिनलंडहून पैव्हारिन्ता नावाचा मुलगा आला. त्याच्या नावात दोन अक्षरांवर दोन-दोन टिंबे. पेटीत टिंबे नव्हती. बाईंनी बेवारस सामानाच्या खोक्यातला काळा हातमोजा कापून टिंबे केली. भर सामन्यात त्यातले एक गळून बर्फावर पडले, तेव्हा पंचांनी खेळ थांबवून ते जपून उचलले. कुणाचा तरी दात असावा असे त्यांना वाटले. काळा होता, पण हॉकीत दातांचे काही सांगता येत नाही.

पुढे स्लोव्हाकियाचे आले. ब्रिटिश कोलंबियातून ढिल्लन आला, आणि एवढे आखूड, आटोपशीर नाव पाहून बाईंनी त्याला घरचा केक खिलवला. कझाकस्तानच्या मुलाचे नाव एका काखेत सुरू होऊन दुसऱ्या काखेत संपे. जग मोठे होत होते, मित्रांनो. पाठी मात्र होत्या तेवढ्याच होत्या.

आता व्यवहाराचे सांगते. आमच्या लीगमध्ये दर वसंतात सगळे संघ फेरी-फेरीने, क्रमाने चौदा-पंधरा वर्षांची मुले निवडतात. निवडीच्या त्या हक्काला इथले लोक 'पिक' म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, गव्हाचेच बोलणे चालले आहे. आणि मी फारशी चुकले नव्हते. फरक इतकाच की गहू निदान पेरल्यावर विकतात. हे पिक पेरणीच्या दोन-दोन वर्षे आधी विकले जाते, आणि त्याच्या मोबदल्यात आत्ताचा, हाडामांसाचा, पानावर बसलेला मुलगा दुसऱ्या संघाला देऊन टाकतात. कधी मुलगा देऊन पिक घ्यायचे, कधी पिक देऊन मुलगा. जानेवारीतल्या एका दुपारी ही बाजारपेठ बंद होते. त्या दुपारनंतर मात्र जो जिथे असेल तिथे वसंतापर्यंत नांदतो.

आमचे मॅनेजर लाइल सॉरेन्सन या शेतीत तरबेज होते. माणूस वाईट नव्हता. डिसेंबरात ते जर्सी घेऊन खाली येत आणि दाराशीच उभे राहून म्हणत, "ऑर्लीन, याचं जरा कच्चंच घाल."

"का? पोरगं वाढणार आहे का अजून?"

"घाल म्हटलं ना."

मग बाई लांब-लांब, ढिली टीप टाकत. जानेवारीत तो मुलगा जाई आणि पट्टी एका झटक्यात निघे. वेळ वाचे, कापड वाचे. लाइलना यात गैर काही दिसत नसे.

पोरांच्या ते ध्यानात यायला एकच हंगाम लागला. मग डिसेंबर उजाडला की खोलीबाहेरच्या बोळात एकमेकांच्या पाठी तपासण्याचा कार्यक्रम सुरू होई.

"ए, वाक. बघू तुझं."

"ओढू नकोस रे, उसवेल!"

"उसवेल म्हणजे? उसवायलाच लागलंय. निघालास की गड्या! जाताना तुझी बसमधली उशी मला देऊन जा."

हसणे व्हायचे. ज्याची पट्टी ढिली, तोही हसायचा, जरा जास्तच मोठ्याने.

पण यातून एक मोठी गल्लत झाली. पोरांना वाटू लागले की टीपच सारे ठरवते. पक्क्या टिपेचा मुलगा आजवर कधी गेला नव्हता, ही गोष्ट खरी. पण जायचा नव्हता म्हणून त्याची टीप पक्की होती, हे उलटे कुणी वाचलेच नाही. हळूहळू ऑर्लीनबाईंचाही त्यावर विश्वास बसला. माणसाच्या हाती सुई असली की त्याला असे वाटू लागते. मला विचाराल, तर मलाही थोडे वाटू लागले होते.

अशात एमिल्स आला. लॅटव्हियाचा, सतरा वर्षांचा, अंगाने काडी. आडनाव झ्विर्बुलिस. एल्क बेंडमधल्या एका कुटुंबाच्या तळघरात राही, त्यांच्याकडचे बटाट्याच्या सारणाचे पिरोगी खाई आणि बोलताना आधी मनात वाक्य जुळवी. पहिल्या दिवशी बाईंनी विचारले, "हे एवढं लांबलचक नाव, याला काही अर्थ आहे का रे?"

"आहे, मिसेस एच." ह्नाट्यूक कुणालाच म्हणता येत नसे, म्हणून सगळी पोरे तसेच म्हणत. "चिमणा."

"चिमण्याला एवढी अक्षरं?"

"आमच्याकडचे चिमणे लठ्ठ असतात," तो गंभीरपणे म्हणाला.

बाई इतक्या हसल्या की माझी सुई तुटली.

डिसेंबरात लाइल त्याची जर्सी घेऊन आले. बाहीची शिवण गेली होती. म्हणाले, "बाही शिव. आणि नाव काढून जरा कच्चं घाल."

ते गेले आणि थोड्या वेळाने एमिल्स स्वतःच आला. बोळात सारे ऐकले असणार. दाराला टेकून उभा राहिला. ओठ हलत होते, वाक्य जुळत होते.

"मिसेस एच, माझी आई येते आहे. जानेवारीत. ती इथं कधी आली नाही. मासे डबाबंद करायच्या कारखान्यात आहे, तिला सुट्टी उन्हाळ्यात मिळते. तिनं उन्हाळ्यात घेतली नाही, जानेवारीत मागून घेतली. शुक्रवारची मॅच बघायला."

"कुठला शुक्रवार?"

त्याने सांगितले. बाजार बंद होण्याच्या दिवसानंतर तीनच दिवसांनी येणारा.

"माझं पक्कं घालाल?" तो म्हणाला.

बाईंनी जर्सी माझ्याजवळ ओढली. तो गेल्यावर माझ्यात ताडपत्रीचा दोरा ओवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लाइलचे ऐकले नाही. पट्टीच्या कडेने एक टीप, तिच्यावर दुसरी, तिसरी प्रत्येक अक्षरावरून, पट्टीतून थेट जर्सीत, आणि कोपऱ्यांत मागे-पुढे, मागे-पुढे. ट्रकाच्या मागच्या फळीला बांधला असता तरी तो चिमणा वाऱ्याने हलला नसता. मी एवढे जीव तोडून कधीच शिवले नव्हते.

बोळात पोरांनी ओढून पाहिले. "अरे, हा तर म्हातारा होईपर्यंत इथंच!" एक जण म्हणाला. एमिल्स हसला. जास्त मोठ्याने नव्हे, बेताने.

बाजार बंद व्हायच्या दिवशी, सकाळी, लाइल कॉफीचा पेला घेऊन खाली आले.

"ऑर्लीन, झ्विर्बुलिसचं काढ."

माझे चाक फिरत होते, ते बाईंनी हाताने थांबवले.

"कशाच्या बदल्यात?"

"दुसऱ्या फेरीचं पिक. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या वर्षाचं."

"म्हणजे कोण?"

"ते आत्ताच कसं कळेल? असेल कुठंतरी. तेरा वर्षांचा वगैरे."

"त्याला माहीत आहे?"

"कुणाला?"

"त्या तेरा वर्षांच्याला."

"ऑर्लीन, काढ."

"लाइल, या पोराची आई येतेय शुक्रवारी."

लाइलनी कॉफीचा पेला माझ्या फळीवर ठेवला. मग म्हणाले, "मी खेळायचो तेव्हा मलाही तीनदा दिलं होतं. शेवटच्या वेळी माझ्या बदल्यात एक गोलकीपर आणि सरावाच्या जाळ्या घेतल्या." पेला पुन्हा उचलून म्हणाले, "जाळ्या चांगल्या निघाल्या."

आणि ते वर गेले.

एमिल्स निरोप घ्यायला आला तेव्हा बाहेर गाडी सुरूच होती. नवा संघ डोंगरांपलीकडचा होता. जर्सी माझ्यासमोर पडली होती. त्याने पट्टीचा कोपरा दोन बोटांत धरून ओढला. पट्टी हलली नाही. पुन्हा ओढला.

"पक्कं आहे," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. त्याला खरोखरच समजले नव्हते. "मग?"

मित्रांनो, टीप मारणे हे माझे काम आणि टिपे गाळणे हे माणसांचे. त्या सकाळी मात्र बाईंनी तेही केले नाही. त्याचा मफलर नीट गुंडाळला, "जेवत जा," म्हणाल्या, आणि तो गेल्यावर उसवायला बसल्या. दुपार सरली तरी पट्टी पुरती निघेना. निघाली तेव्हा जर्सीच्या पाठीवर सुईची भोके राहिली, ओळीने, शेकड्यांनी.

त्याची आई शुक्रवारी आली. तिकीट बदलता आले नव्हते. नवा संघ त्या आठवड्यात दौऱ्यावर होता, पार समुद्राच्या काठी. मध्ये डोंगर, आणि डोंगरांत बर्फाचे वादळ. एमिल्स राहत होता त्या कुटुंबाने तिला घरी ठेवून घेतले. कुठे जाणार? ती मॅचला आली. मुलगा नसलेल्या मॅचला येऊन ती कोपऱ्यात बसली आणि सगळ्यांसारखी टाळ्या वाजवत राहिली. मांडीवर राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावांची पिशवी होती, संघासाठी आणलेली.

मध्यंतरात बाई तिला खाली घेऊन आल्या. तिचे नाव इनेसे. इंग्रजी जेमतेम. बाईंनी बोलायचे टाळण्यासाठी म्हणून ती जर्सी पुढे केली. ती अजून कुणाला दिलेली नव्हती, पाठ कोरीच होती.

इनेसेने ती मांडीवर पसरली. मग तिचे बोट भोकांवरून फिरू लागले. आधी मला वाटले, धूळ झटकते आहे. ती वाचत होती. आडवी रेघ, तिरपी रेघ, आडवी रेघ. पहिले अक्षर. मग दुसरे. माशांनी आणि मिठाने खरबरीत झालेले ते बोट अजिबात घाई न करता एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत गेले, आणि शेवटच्या अक्षरावर थांबले.

"फार छान शिवलं होतं तुम्ही," ती म्हणाली.

माझ्या कामाची एवढी स्तुती आजवर कुणी केली नव्हती. बाई मात्र उठून बॉयलरच्या मागे गेल्या आणि वर शिट्टी होईपर्यंत परत आल्या नाहीत.

मायलेकरे शेवटच्या दिवशी कुठल्याशा विमानतळावर भेटली, असे पुढे कळले. तासभर. खेळताना तिने त्याला पाहिले नाही.

आणि ते दुसऱ्या फेरीचे पिक? ते लाइलनी तिसऱ्या फेरीच्या दोन पिकांवर दिले. त्यातले एक गुडघ्याने अधू निघालेल्या गोलकीपरपायी गेले. दुसऱ्यावर निवडलेल्या मुलाने हॉकी सोडून सॅक्सोफोन धरला. एमिल्सच्या बदल्यात एल्क बेंडला शेवटी काय मिळाले, याचा मी अजून विचार करते. तेरा वर्षांचा तो कुणीतरी मला कधीच भेटला नाही. एमिल्स दोन हंगामांनी मायदेशी परतला. बंदरात नोकरी करतो आणि संध्याकाळी लहान मुलांना स्केटिंग शिकवतो. त्यांतली दोन चांगली आहेत म्हणे. इकडची माणसे जाऊन पाहून आली. खेळ जगभर पसरतो आहे.

आता नावे शिवत नाहीत. ती शहरातून येतात, उष्णतेने चिकटवतात आणि केस वाळवायच्या यंत्राने गरम करून सोलतात. भोक राहत नाही. सगळ्यांच्याच नावाला कच्ची टीप, त्यामुळे कुणाला भेदभावाची तक्रार नाही. बाईंच्या बोटांचे सांधे धरले आणि त्या मुलीकडे राहायला गेल्या. मला वर आणून दरवाजाशेजारी ठेवले आहे, 'आमचा वारसा' अशा पाटीखाली, खाद्यपदार्थांच्या खिडकीला लागून.

मित्रांनो, मला एवढेच सांगायचे आहे. माणूस तुमच्याकडे किती दिवस राहणार, हे बघून त्याचे नाव शिवू नका. तो उद्या जाणार असेल तरी पक्केच शिवा. पक्क्या टिपेने कुणी थांबत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. पण उद्या त्याला शोधत कुणी आले, तर त्याच्या बोटाला काहीतरी लागायला हवे.

आणि हॉटडॉग घेताना मोहरीची बाटली माझ्या डोक्यावर ठेवत असाल, तर ठेवा, माझी ना नाही. फक्त झाकण तेवढे लावत जा.