माझ्यावर लिहिलेले शून्य

मित्रांनो, परीक्षेला तुम्ही जो पॅड नेता, तो माझाच भाऊबंद. मी मात्र आता जुना झालो आहे. माझे कोपरे झिजले आहेत आणि चिमटा सैल पडला आहे. कर्करोगाच्या रुग्णालयात पाहणी करणाऱ्या बाईंच्या हातात माझे आयुष्य गेले. या आजारापायी घरातून काय काय जाते, ते बाई बाकांवर बसलेल्यांना विचारत आणि माझ्यावरच्या फॉर्मात लिहीत. सुरुवातीला मला या कामाचा फार अभिमान होता.

एके दिवशी आजारी भावाला घेऊन एक शिंपीणताई आल्या. गणवेश शिवून त्या घर चालवत. औषधे, तपासण्या, बसभाडे सगळे भराभर लिहून झाले.

"तुमचं स्वतःचं किती बुडालं?" बाईंनी विचारले.

"आठवड्यातले तीन दिवस याच्यासोबत इथे. तेवढे दिवस मशीन बंद. अकरा महिने झाले."

"कमाईची पावती आहे का?"

"शिवणाच्या मशीनला कुठली पावती, मॅडम?"

पावती नसेल तर शून्य, असा नियम होता. बाईंचे पेन अडखळले, तरी त्यांनी शून्य लिहिले. समासात मात्र बारीक अक्षरात 'आठवड्याला तीन दिवस' असे नोंदवले. हे फॉर्म पाहून रुग्णांच्या सोबत्यांना भत्ता द्यायचा की नाही ते ठरवणारे साहेब म्हणजे उंटावरचे शहाणे. बाकांपाशी कधी आले नाहीत, समासही त्यांनी वाचला नाही. सोबत येणाऱ्यांचे काहीच बुडत नाही, मग त्यांना भत्ता कशाला, असे म्हणून त्यांनी प्रस्ताव फेटाळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला पाय नाहीत, ती गोष्ट वेगळी.

पुढच्या महिन्यात भाऊ एकटाच आला, भिंतीला धरत धरत.

"ताई कुठे?"

"मशीनवर बसलीय. भत्ता नाही म्हटल्यावर काय करणार? मागची डोसची खेप चुकली माझी. जिन्यातच गरगरलं, तसाच परत गेलो."

बाईंनी फॉर्म काढून ठेवला. मला उलटे करून माझ्या पाठीवरच ठळक अक्षरात लिहिले, 'तीन दिवस. अकरा महिने. एक चुकलेला डोस.' मग तडक जाऊन मला साहेबांच्या टेबलावर तसेच ठेवले.

साहेबांनी मला सुलटे केले आणि नवा कोरा फॉर्म लावला.

मित्रांनो, तुमच्यातलेही कोणी उद्या अशी मोजणी करतील. शून्य लिहिण्याआधी समोरच्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारा. आणि माझ्यासारखा एखादा जुना पॅड हाती आला, तर एकदा उलटा करून पाहा. ती अक्षरे अजून पुसली गेलेली नाहीत.