दुतोंड्या आणि देवकाबाईंची कंबर

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. वर्ध्याजवळच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत राहतो. माझ्यातून दोन माणसं समोरासमोर बसून काचेवरचा एकच नमुना बघू शकतात, म्हणून मला सगळे ‘दुतोंड्या’ म्हणतात. मला राग येत नाही. चहाड्या केल्याचा आरोप तर अजून कोणी केलेला नाही!

नवा होतो तेव्हा माझा थाट होता. शिकणारे डॉक्टर माझ्याभोवती गर्दी करत. मग पडद्यावर चित्र दाखवणारं यंत्र आलं आणि मी प्लॅस्टिकची टोपी घालून कोपऱ्यात गेलो. भिंगावर बुरशी चढू लागली. फार वाईट वाटायचं. फक्त डॉक्टर इंदिरा मॅडम अवघड काच आली की मलाच बाहेर काढायच्या आणि मऊ कागदाने पुसायच्या.

अशीच एक काच गिरडच्या देवकाबाईंची होती. देवकाबाई पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या. आमच्याकडे कमरेत उसण भरली की लोक पायाळू माणसाकडून पाय लावून घेतात. अख्ख्या गावाच्या कमरा देवकाबाईंनी सांभाळल्या. स्वतःचं माकडहाड दुखू लागलं तेव्हा मात्र पंचाईत झाली. आपलाच पाय आपल्या कमरेला कसा लावणार? दुसरा पायाळू शोधण्यात वर्ष गेलं. शेवटी गाठ हाताला लागली, तेव्हा सून रूपाली त्यांना इथे घेऊन आली. सुईने गाठीचा बारीक तुकडा काढला गेला.

देवकाबाई प्रयोगशाळेच्या दाराशी उभ्याच होत्या. शिकाऊ डॉक्टर आकांक्षाने स्टूल पुढे केलं.

“बसता आलं असतं त इथं कायले आली असती, बाई?” देवकाबाई म्हणाल्या.

त्यांची काच तयार झाल्यावर आकांक्षाने माझ्यातून पाहिलं. पेशी बुडबुड्यांनी भरल्या होत्या. “मॅडम, दुसरीकडचा कॅन्सर हाडात पसरलेला दिसतो.”

तसं असतं तर गाठ काढूनही फारसा उपयोग नव्हता. मॅडम समोरच्या नळीला डोळे लावून बराच वेळ बसल्या.

“घाई नको,” त्या म्हणाल्या. “कॉर्डोमातही अशाच पेशी असतात. ही गाठ हाडातच जन्मते, कण्याच्या टोकाशी किंवा कवटीच्या तळाशी. क्वचितच दिसते, म्हणून चुकते. नागपूरला खास रंग देऊन पाहू.”

रंगवलेली काच परत आली. पेशींची केंद्रकं तपकिरी झाली होती. ही कॉर्डोमाचीच खूण! आणि बाकीच्या तपासण्यांत ती दुसरीकडे कुठेही पसरलेली दिसली नाही. नागपूरला ऑपरेशन झालं आणि पूर्ण गाठ निघाली. मला इतका आनंद झाला, की बुरशीचंही काही वाटेना.

परवा देवकाबाई तपासणीला आल्या आणि थेट माझ्यासमोर स्टूलवर बसल्या. “पाह्यू दे, माही गाठ कशी होती ते.”

दुसऱ्या नळीतून आकांक्षा पाहत होती. “पाय लावता का अजून?” तिने विचारलं.

“लावतो ना. पण सांगतो, पंधरा दिवसांत नाई थांबलं त दवाखान्यात जाजो.”

मित्रांनो, माझी भिंगं पुसत जा. आणि न थांबणारं दुखणं उसण म्हणून घरी ठेवू नका. ते वेळेत माझ्यासमोर आणा.

“चला ना आई, गाडी निघून जाईल,” रूपालीने घाई केली.

देवकाबाई हलल्या नाहीत. “थांब वो,” त्या म्हणाल्या, “बसू दे जराशी.”