बसमावशींच्या डोक्यातली तार

मित्रांनो, मी प्लॅटिनमची एक जुनी तार आहे. केसासारखी बारीक, आणि इतकी मऊ की मोकळी सोडली तर आपोआप वेटोळं घालते. मला भिंगाखाली वळवणाऱ्या कारागीर बाई माझ्याजवळ श्वाससुद्धा जपून सोडायच्या. एवढ्याशा तारेचा उपयोग काय, असं तुम्हाला वाटेल. माझी जागा एका बाईंच्या डोक्यात आहे.

त्या शाळेची बस चालवायच्या. मुलं त्यांना बसमावशी म्हणत. कोणाला गाडी लागते, कोणाची कोणाशी कट्टी आहे, त्यांना सगळं पाठ. एका सकाळी त्यांना एकाच्या जागी दोन सिग्नल दिसू लागले. त्यांनी बस हळूच कडेला घेतली, मुलांना गाणं म्हणायला लावलं आणि फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवला. संध्याकाळी त्यांची डावी पापणी मिटली, ती उघडेचना.

तपासणीत कळलं, की डाव्या डोळ्यामागच्या रक्तवाहिनीला मोठा फुगा आला होता. भिंत एका जागी पातळ होऊन बाहेर आली होती. तो फुटला असता तर जिवावर बेतलं असतं. मावशींचे यजमान शिंपी. डॉक्टरबाईंनी त्यांना समजेल असं सांगितलं, "हा खिसा उसवायला आलाय. वाहिनीत जाळीची नळी बसवली की रक्त सरळ पुढे जाईल. पण खिसा मिटायला महिने लागतील. तोवर तो फुटू नये म्हणून आत तारही भरू."

मांडीतल्या वाहिनीतून एक लांब, बारीक नळी वर गेली आणि तिच्यातून मी फुग्यात उतरले. मागोमाग माझ्या बहिणी आल्या. आम्ही वेटोळी घालून आतली जागा भरून काढली, आणि बाहेर तोंडाशी जाळी उघडली. आत धडका मारणारं रक्त मंदावलं, मग थिजलं. तेव्हापासून मी अंधारात आहे. हाडांतून येतील तेवढे आवाज ऐकते.

काही महिन्यांनी मला लेकीचा आवाज ऐकू आला, "आई, तुझे दोन्ही डोळे उघडलेत." त्या दिवशी मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

पण जाळी अजून नवी होती. तिच्यावर वाहिनीचं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी होण्याची भीती असते. म्हणून मावशींना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांमुळे जरा कुठे लागलं, की हातावर काळेनिळे डाग उठायचे. आणि मावशींना तर पुन्हा बस चालवायची होती. त्यासाठी आधी कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी होती. असे हात बघून ते नापास करतील, ही धास्ती मावशींच्या मनात बसली. गोळ्या थोडे दिवस बंद ठेवू का, असं डॉक्टरबाईंना विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. म्हणून मावशींनी विचारलंच नाही, मनानेच गोळ्या बंद केल्या. घरात सगळ्यांना वाटत होतं, गोळ्या चालू आहेत.

डाग गेले. मावशी पास झाल्या. यजमानांनी वर्दी कमरेत थोडी सैल करून दिली. कामावर जायच्या सकाळी ती चढवताना मावशींच्या उजव्या हाताला बटण सापडेना. त्यांनी यजमानांना हाक मारायला तोंड उघडलं, पण शब्दच आला नाही.

जाळीत गुठळी झाली होती. डॉक्टरबाईंनी धावपळ करून ती काढली, पण तोवर मेंदूचा एक भाग गेला होता. आणि मित्रांनो, नंतर काढलेल्या चित्रात आमचा फुगा पूर्ण बंद झालेला दिसत होता. अगदी हवा होता तसा. एरवी असं चित्र डॉक्टर एकमेकांना बोलावून दाखवतात. डॉक्टरबाईंनी ते नुसतं पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

"ती बोलेल का?" यजमानांनी विचारलं.

"थोडंफार," त्या म्हणाल्या. "सराव करून घेऊ."

आता मावशींना एकच शब्द येतो. थांब. पाणी हवं असलं तरी थांब, खिडकी लावायची असली तरी थांब. लेक कामाला निघाली की त्या तेच म्हणतात. यातला खरा 'थांब' कुठला, हे तिला कळत नाही. म्हणून ती दरवेळी चप्पल काढते आणि क्षणभर आईजवळ बसते.

मी आतूनच सगळं ऐकते. मला वाचा नाही, नाहीतर त्या दिवसांत मी ओरडून सांगितलं असतं. आता तुम्हाला सांगते. तुमच्या घरात कोणी अशा गोळ्या घेत असेल, तर बरं वाटतंय म्हणून किंवा डाग दिसतात म्हणून त्यांना मनानेच बंद करू देऊ नका. आधी डॉक्टरांना विचारायला लावा. उत्तर नको असलेलं मिळणार असेल, तर नक्कीच विचारायला लावा.