आठशे वेढे

मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्याची लेक तारेशिवाय चुंबक फिरवायला निघाली, हा विनोद बाबांना भारी आवडायचा. गिऱ्हाईक आलं की ऐकवायचेच, "आमच्या पोटावर पाय द्यायला घरातच शास्त्रज्ञ पोसलीय!"

त्या मंगळवारी ती डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा ते जळक्या पंपातली काळी तार उपसत होते.

"काय म्हणतोय तुझा चुंबक?"

"कूस बदलत नाही अजून. बदलेल. तार नको, प्रवाह नको, नुसता विजेचा दाब."

"म्हणजे नळ न सोडता बादली भरायची?"

"नळ बंद असला तरी आत पाण्याचा दाब असतो ना, बाबा? तेवढ्यावरच. या पदार्थात वीज आणि चुंबक एका घरात नांदतात. एकाला ढकललं की दुसरा हलतो."

"आणि हललाच नाही तर?"

"तेच तर तीन वर्षं चाललंय!"

बाबा खो खो हसले. मग चष्मा कपाळावर सरकवत, सहज विचारल्यासारखं म्हणाले, "अन् ती माझी बारकी गुंडाळी? पडलीय का कुठं कपाटात?"

केसाहून बारीक तारेचे आठशे वेढे. भिंगाखाली तीन रविवार खपून त्यांनी ते घातले होते. तिच्या यंत्रात विकतची गुंडाळी नुसती खरखरायची. बाबांची बसवली आणि पडद्यावरची रेघ काचेसारखी स्वच्छ झाली. पण चुंबक फिरला की दोन्ही बातम्या एकदमच देऊ, असा तिचा बेत होता.

"असेल हो कुठेतरी," ती म्हणाली.

"असू दे, असू दे," म्हणत त्यांनी डबा उघडला.

बुधवारी दुकान उघडलं नाही. बाबा झोपेतच गेले.

तीन आठवड्यांनी ती प्रयोगशाळेत परतली. त्या पदार्थाचा टिकलीएवढा नमुना यंत्रात चढवला. तो गुंडाळीपाशी थरथरला की त्याच्यातलं चुंबकत्व तारेत उमटायचं, आणि तारेतून पडद्यावर. तिने दाब दिला. वरची रेघ खाली आली. दाब उलटा केला. रेघ मुकाट वर गेली.

"अगं, फिरला!" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण धावत आली. "आणि किती स्वच्छ दिसतंय! गुंडाळी कुठली गं ही?"

"घरची," ती म्हणाली.

मैत्रीण बाकीच्यांना बोलवायला पळाली. इकडे एकटीने तिने यंत्राचं झाकण उघडलं. वार्निश लावलेले वेढे एकाला एक लागून बसले होते, एकही इकडेतिकडे नाही.

"चालली, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "पहिल्या दिवसापासून चाललीय."