कन्हानच्या पाइपावरचा ओरखडा

मयुराचं नाव निघालं की मिनलच्या पोटात दुखायचं. जमिनीखालच्या गॅसच्या पाइपाला गंज लागू नये म्हणून त्यात सतत बारीकसा वीजप्रवाह सोडलेला असतो. तो पुरतो की नाही, हे मातीवर कांडी टेकवून मीटरवर पाहायला मिनलनंच तिला शिकवलं होतं. आता मधुकरराव साहेब निवृत्त होणार, त्यांच्या खुर्चीसाठी दोघींची नावं वर गेलेली, आणि ऑफिसात जो तो मयुरा सांभाळत असलेल्या पाइपाच्या कन्हानच्या पट्ट्याचे गोडवे गात होता. कालची पोर डोक्यावर मिरे वाटायला निघाली!

भर मे महिन्यात मिनल कोणाला न सांगता त्या पट्ट्यावर गेली. काळी माती भेगाळली होती. तिनं कांडी टेकवली आणि मीटरवरचा आकडा पाहून तिला हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. प्रवाह पुरतच नव्हता! तिनं तिथूनच फोन लावला.

"साहेब, तुमच्या लाडकीचा पाइप सडून राहिला. खोदून दाखवते, या."

साहेब बरं म्हणाले, जेसीबी आला. पाइपाजवळचा शेवटचा हातभर थर फावड्यानंच काढायचा असतो, पण मिनलला धीर कुठला! "चालू दे गा," ती ड्रायव्हरला म्हणाली.

साहेब आणि मयुरा पोचले तेव्हा पाइप उघडा पडला होता. वरचं काळं आवरण नव्यासारखं, गंजाचा ठिपकाही नाही. फक्त एका जागी जेसीबीच्या दातानं ते सोललं होतं आणि आतलं लोखंड चमकत होतं.

"ताई, कांडी ठेवायच्या आधी माती भिजवली होती ना?" मयुरानं विचारलं. कोरड्या मातीत आकडा खोटा येतो, हा मिनलनंच तिला दिलेला पहिला धडा. पोरीनं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं.

"हा ओरखडा काहून पडला?" साहेबांचा आवाज चढला.

"माझ्या पट्ट्यातला पाइप आहे साहेब, मी पाहून घेते," म्हणत मयुरा खड्ड्यात उतरलीसुद्धा. ती ओरखडा पुसू लागली आणि साहेब कौतुकानं पाहत राहिले. तिनं चारचौघांत चार शब्द सुनावले असते तर मिनलला सोसले असते. हे सोसवेना. आता खुर्ची कोणाची, हे कोणी सांगायची गरजच उरली नव्हती.

"ताई, माझ्या पिशवीतली ओरखड्यावर गुंडाळायची पट्टी देता का जरा?" खालून मयुरानं हात वर केला.

मिनलनं वाकून पट्टी दिली.